जास्त वॅटचे बल्ब आणि पुन्हा पुन्हा उडणारा हेडलाईटचा फ्यूज

निपाणीजवळच्या एका गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या कारच्या हेडलाईटमध्ये ६०/५५ वॅटचे मूळ एच-४ बल्ब (एकाच बल्बमध्ये ६० वॅटचा अप्पर म्हणजे लांबचा आणि ५५ वॅटचा डिपर म्हणजे जवळचा उजेड) काढून घरच्या घरी १००/९० वॅटचे बल्ब बसवले. काही दिवस उजेड चांगला मिळाला. मग एका रात्री ओव्हरटेक करताना अप्पर मारला आणि उजव्या बाजूचा दिवा गेला. त्या बाजूचा १० ॲम्पिअरचा फ्यूज उडालेला होता. नवा घातला, तोही काही दिवसांनी तसाच उडाला. आता दुकानदार म्हणतो की २० ॲम्पिअरचा फ्यूज घाला, म्हणजे कटकट मिटेल. तो घालावा का, आणि घालू नये तर मग काय करावे?

२० ॲम्पिअरचा फ्यूज घालू नये, आणि घातला असेल तर आजच काढावा. बेळगावात गाड्यांच्या वायरिंगचे काम करताना जळालेल्या हार्नेसच्या (तारांच्या जुडग्याच्या) ज्या गाड्या माझ्यासमोर आल्या, त्यांपैकी पुष्कळ गाड्यांत मूळ फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार सापडली. म्हणून या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

फ्यूज बल्बला वाचवण्यासाठी असतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो तारेसाठी असतो. कंपनी आधी तारेची जाडी ठरवते, ती तार न तापता किती प्रवाह वाहून नेईल हे पाहते आणि त्याच्या आतला फ्यूज निवडते. लहान गाड्यांत हेडलाईटकडे जाणारी तार साधारण १ चौरस मिमी किंवा त्याहून बारीक असते. बल्ब बदलल्याने ती तार जाड होत नाही आणि म्हणून फ्यूजचा आकडाही बदलता येत नाही.

आता आपल्या गाडीचा हिशोब पाहू. वॅटला व्होल्टने भागले की ॲम्पिअर मिळतात. ५५ वॅटचा डिपर १२ व्होल्टवर सुमारे ४.६ ॲम्पिअर घेतो, म्हणजे १० ॲम्पिअरच्या फ्यूजवर निम्म्याहूनही कमी भार. ९० वॅटचा डिपर ७.५ आणि १०० वॅटचा अप्पर ८.३ ॲम्पिअर घेतो. सतत चालणारा भार फ्यूजच्या क्षमतेच्या तीन चतुर्थांशाच्या आत ठेवावा, असा आमच्या धंद्यातला नियम आहे. आपण डिपरवरच त्या काठावर पोहोचलात. त्यात काही गाड्यांमध्ये स्टिअरिंगजवळची पाती ओढून अप्पर मारला की डिपर चालूच राहतो आणि दोन्ही फिलामेंट एकदम पेटतात. तेव्हा भार १९० वॅट, म्हणजे जवळपास १६ ॲम्पिअर होतो. ६०/५५ च्या बल्बमध्ये हीच बेरीज साडेनऊच्या आसपास राहते आणि क्षणभराच्या फ्लॅशला फ्यूज टिकतो. ओव्हरटेक करताना आपण पाती काही सेकंद ओढून धरली असेल, तर तो उडणारच होता. फ्यूजने आपले काम चोख केले आहे.

२० ॲम्पिअरचा फ्यूज घातल्यावर काय होते, तेही आकड्यांत पाहण्यासारखे आहे. फ्यूजवर २० लिहिले आहे म्हणजे २१ ॲम्पिअरला तो लगेच तुटतो, असे मुळीच नाही. ब्लेड फ्यूजच्या (गाडीतल्या दोन चपट्या पायांच्या फ्यूजच्या) आंतरराष्ट्रीय मानकानुसार क्षमतेच्या ११० टक्के प्रवाह त्याने किमान १०० तास सोसायचा असतो, आणि १३५ टक्क्यांना तो पाऊण सेकंदापासून दहा मिनिटांपर्यंत केव्हाही तुटला तरी मानकात बसतो. म्हणजे २० चा फ्यूज २७ ॲम्पिअर प्रवाह दहा मिनिटेही जाऊ देऊ शकतो. कुठे तार घासून अर्धवट शॉर्ट झाली, तर तेवढ्या वेळात १ चौरस मिमीच्या तारेचे प्लास्टिक मऊ होते, शेजारच्या तारांना चिकटते, आणि जळका वास येईपर्यंत डॅशबोर्डच्या आतला अख्खा गुंडाळा गेलेला असतो. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तारेचा तुकडा फ्यूजच्या जागी अडकवला, तर तेवढीही मर्यादा उरत नाही.

उजेड वाढवण्याची गरज मात्र खोटी नाही, हे मी मान्य करतो. गळीत हंगामात निपाणी, चिकोडी, संकेश्वरच्या रस्त्यांवर मागे एकही दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अंधारात अचानक समोर येतात. पावसाळ्यात जांबोटीच्या पुढे कणकुंबी आणि चोर्ला घाटात पाऊस व धुके एकत्र असले की साध्या दिव्यात रस्त्याची कडा दिसत नाही. त्यामुळे दिवे सुधारण्याची इच्छा असणाऱ्याला मी कधीही परत पाठवत नाही. सुधारणा कुठे करायची, एवढाच प्रश्न असतो, आणि माझ्या मते ती बल्बमध्ये नव्हे तर बल्बपर्यंत येणाऱ्या तारेत करायला हवी.

याचे कारण घरीच तपासता येते. इंजिन आणि हेडलाईट दोन्ही चालू ठेवून मल्टिमीटरने आधी बॅटरीवर आणि मग दिव्याचा कपलर (म्हणजे बल्बचा होल्डर) जोडलेला असतानाच त्याच्या मागच्या टर्मिनलांवर व्होल्टेज मोजावे. बॅटरीवर १३.८ मिळते तेव्हा जुन्या गाडीत होल्डरवर १२ च्या आसपास मिळणे नेहमीचे आहे. ज्या गाड्यांत हेडलाईटला रिले (थोड्या प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह जोडणारा विजेचा स्विच) नसतो, त्यांत बॅटरीपासून निघालेला सगळा प्रवाह आत स्टिअरिंगच्या स्विचपर्यंत जाऊन परत पुढे येतो. लांब बारीक तार, झिजलेले स्विचचे संपर्क आणि गंजलेला बॉडी अर्थ (गाडीच्या पत्र्याला दिलेली निगेटिव्ह जोडणी) यांत मधले दोन व्होल्ट खर्च होतात. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने घटतो. १३.८ ऐवजी १२ व्होल्ट मिळाले तर एक तृतीयांशाहून अधिक उजेड जातो. वर मोठा बल्ब लावला की त्याच तारेतून प्रवाह वाढतो, म्हणून तारेत हरवणारे व्होल्टही वाढतात. आपण १०० वॅटचे पैसे मोजले आणि त्यातला बराच भाग तारेत, स्विचमध्ये व होल्डरमध्ये उष्णता म्हणून गेला. आपले होल्डर उघडून पाहा. पांढरे किंवा काळे प्लास्टिक पिनांभोवती तपकिरी झाले असेल, तर ही उष्णता तिथवर पोहोचली आहे. होल्डर बदलावा लागेल.

तेव्हा माझा सल्ला असा की ६०/५५ वॅटचे चांगल्या नावाजलेल्या कंपनीचे बल्ब परत बसवावेत आणि त्यांच्यासाठी रिलेचा वेगळा हार्नेस टाकावा. तत्पूर्वी हेडलाईटची काच, म्हणजे खरे तर पॉलिकार्बोनेटचे आवरण, पिवळे पडले असेल तर ते घासून पॉलिश करून घ्यावे, कारण धुरकट आवरणामागे कोणताही बल्ब मंदच दिसतो. बल्ब बसवताना काचेला बोट लावू नये. त्वचेचे तेल लागले तर तेवढाच भाग अतितापतो आणि बल्ब लवकर जातो.

हार्नेसमध्ये डिपरला एक आणि अप्परला एक असे दोन रिले असतात. रिलेच्या ३० क्रमांकाच्या टर्मिनलला बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून फ्यूजमार्गे तार येते, ८७ वरून ती दिव्याकडे जाते, आणि ८५ व ८६ या कॉइलच्या टर्मिनलांना मूळ गाडीच्या हेडलाईटच्या कपलरमधला सिग्नल दिला जातो. जुन्या तारेवर आता फक्त कॉइलपुरता, म्हणजे पाव ॲम्पिअरच्याही आत प्रवाह राहतो, स्विच थंड राहतो आणि मूळ १० चा फ्यूज कधी उडण्याचे कारणच उरत नाही. नव्या वाटेवर दोन डिपर मिळून सव्वानऊ आणि दोन अप्पर मिळून १० ॲम्पिअर होतात. त्यामुळे प्रत्येक रिलेला १५ ॲम्पिअरचा स्वतंत्र फ्यूज आणि २.५ चौरस मिमीची तार पुरेशी आहे. हा फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ बसेल तितका चांगला, वीतभर अंतराच्या पलीकडे नको. कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तारेला कोणतेच संरक्षण नसते आणि तिथे शॉर्ट झाल्यास बॅटरी पूर्ण ताकदीने प्रवाह ओतते. अर्थची तारही तेवढ्याच जाडीची असावी आणि ती रंग खरवडून स्वच्छ केलेल्या धातूवर बोल्टने आवळावी.

बाजारात तयार किट मिळतात, पण इथे एक गोष्ट आधी तपासलीच पाहिजे. काही गाड्यांत हेडलाईटची सामाईक पिन अर्थ असते आणि स्विच पॉझिटिव्ह जोडतो. जपानी धाटणीच्या बऱ्याच गाड्यांत उलट, सामाईक पिनवर पॉझिटिव्ह कायम असतो आणि स्विच अर्थ जोडतो. बल्ब काढून, दिवा चालू करून मल्टिमीटरची एक तार बॉडीला लावली की हे कळते. डिपर आणि अप्पर असे दोन्ही करून पाहावे: डिपरवरून अप्परवर गेले तरी एकाच पिनवर १२ व्होल्ट टिकून राहत असतील, तर तीच सामाईक पिन आणि गाडी अर्थ-स्विचची. पिन बदलत असेल तर गाडी पॉझिटिव्ह-स्विचची. किटमधल्या रिलेच्या कॉइलचे एक टोक बॉडीला बांधलेले असेल, तर अर्थ-स्विचच्या गाडीत तो किट दिवा विझूच देणार नाही किंवा पेटवणारच नाही. याच गाड्यांत आणखी एक चकवा असतो: स्विचच्या बाजूची तार घासून बॉडीला लागली तर फ्यूज उडत नाही, दिवा बंद होत नाही.

फ्यूज बदलण्याचे काम लहान आहे, पण त्याला क्रम आहे. दिवे बंद करावेत, चावी काढावी. तारांना हात लावायचा असेल तर १० च्या पान्याने बॅटरीचा निगेटिव्ह आधी सोडावा. फ्यूजचा एक डबा बहुधा बॉनेटखाली बॅटरीजवळ आणि दुसरा चालकाच्या बाजूला डॅशबोर्डखाली असतो. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो, त्याच्याशी जुळवूनच फ्यूज काढावा. डब्यातच प्लास्टिकचा छोटा चिमटा असतो. त्याने फ्यूज सरळ वर ओढावा, पक्कडीने पिळू नये, कारण खालचा क्लिप सैल झाला की नवा फ्यूजही तापत राहतो. ब्लेड फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: साडेसात तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक, ३० हिरवा. रंग जुळला तरी आकार पाहावा, कारण मिनी आणि नेहमीच्या आकाराच्या फ्यूजचे रंग सारखेच असतात. नाव-ठिकाणा नसलेले सुटे फ्यूज घेऊ नयेत, कारण ते लिहिलेल्या आकड्याला उडतीलच याची खात्री देता येत नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हवर बोल्टने आवळलेले ८० किंवा १०० ॲम्पिअरचे मोठे फ्यूज घरी उघडू नयेत.

उडालेला फ्यूज फेकण्यापूर्वी उजेडात धरून नीट पाहावा. आतली पट्टी मधोमध शांतपणे वितळून छोटी फट पडली असेल आणि प्लास्टिक स्वच्छ असेल, तर तो भार जास्त झाल्याने गेला. आतून काळा डाग, धातूचे बारीक शिंतोडे आणि पट्टीचा मोठा भाग गायब असेल, तर शॉर्ट झाले आहे. पट्टी शाबूत असताना प्लास्टिकच पिवळे पडून एका पायाकडे वितळले असेल, तर क्लिप सैल आहे आणि दोष डब्यात आहे. फ्यूज केव्हा उडाला यालाही तितकाच अर्थ असतो. स्विच दाबताक्षणी उडाला तर शॉर्ट शोधावा. अर्ध्या तासाने किंवा अप्पर मारताना उडाला तर भार मोजावा. खड्ड्यात आदळल्यावर, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवल्यावर किंवा पावसात उडाला तर कुठेतरी तार घासते आहे किंवा कपलरमध्ये पाणी जाते आहे.

दुसरा फ्यूजही लगेच उडाला तर तिसरा घालू नये. इंडिकेटरचा २१ वॅटचा एक बल्ब घ्यावा, त्याला दोन तारा जोडाव्यात आणि त्या फ्यूजच्या रिकाम्या खाचेत, फ्यूजच्या जागी लावाव्यात. हेडलाईटचे दोन्ही बल्ब काढून ठेवावेत आणि मग स्विच चालू करावा. प्रवाहाला आता जायला वाटच नसल्यामुळे चाचणीचा बल्ब विझलेला राहायला हवा. तो लख्ख पेटला तर वाटेत कुठेतरी पॉझिटिव्ह तार बॉडीला लागली आहे; आणि या बल्बमुळे प्रवाह दोन ॲम्पिअरच्या आतच राहत असल्याने निवांत शोध घेता येतो. हेडलाईटच्या मागून हार्नेस हळूहळू हलवत, रेडिएटरच्या चौकटीच्या कडेने आणि फेंडरच्या आत जिथे तार पत्र्याच्या भोकातून जाते तिथे हात फिरवत जावे. ज्या ठिकाणी हलवताच चाचणीचा बल्ब विझतो, तिथेच प्लास्टिक सोलले गेलेले असते. घरी दिवे बदललेल्या गाड्यांत ही जागा बहुधा हेडलाईटच्या मागच्या रबरी टोपणाखाली सापडते, कारण नवा बल्ब किंवा एलईडीचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारी छोटी डबी) आत बसवताना तार टोपण आणि पत्रा यांच्यामध्ये चिमटली जाते. तिथे नुसती टेप गुंडाळून भागत नाही. बॉनेटखालच्या उष्णतेत टेपचा गोंद सुटतो. तार कापून क्रिंप किंवा सोल्डर करावी, उष्णतेने आकसणारी स्लीव्ह चढवावी आणि वरून कोरुगेटेड पाइप घालावा.

प्रश्नात नसलेली, पण याहून धोकादायक अशी एक चूक इथे सांगतो. धुक्यासाठी फॉग लॅम्प बसवताना जवळच सापडते म्हणून पार्किंग लाईटच्या तारेतून थेट जोड घेतला जातो. ५५ वॅटचे दोन फॉग लॅम्प सव्वानऊ ॲम्पिअर घेतात, आणि त्या १० च्या फ्यूजवर पुढचे-मागचे पार्किंग दिवे, नंबरप्लेटचा दिवा आणि मीटरचा उजेड हे आधीपासून असतातच. फ्यूज घाटात मध्येच जातो, फॉग लॅम्प विझल्याचे चालकाला समजते, हेडलाईट चालू असल्याने तो पुढे जात राहतो; पण त्याच फ्यूजवरचे मागचे लाल दिवेही गेलेले असतात आणि ते त्याला दिसत नाहीत. धुक्यात मागून येणाऱ्या ट्रकला ती गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. रात्री मीटरचा उजेड अचानक गेला तर गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन, मागे जाऊन टेललाईट पाहावेत. फॉग लॅम्पलाही बॅटरीवरून वेगळा फ्यूज आणि रिलेच हवा. पार्किंगच्या तारेतून फक्त रिलेच्या कॉइलचा सिग्नल घ्यावा.

एलईडी बल्ब लावले तर फ्यूजचा प्रश्न सुटेल का, असेही बरेच जण विचारतात. ३० वॅटचा एलईडी अडीच ॲम्पिअरच घेतो, त्यामुळे भार कमी होतो हे खरे. पण हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये फिलामेंटच्या नेमक्या जागेवरून उजेड यावा लागतो; एलईडीच्या चिप्स त्या जागी आणि त्या आकारात बसत नाहीत, म्हणून डिपरच्या उजेडाची वरची कडा फुटते आणि समोरच्याचे डोळे दिपतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीत परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे, आणि २०२४ च्या जुलैपासून कर्नाटक पोलिसांनी डोळे दिपवणाऱ्या दिव्यांवर राज्यभर कारवाई सुरू केली. १००/९० चे बल्बही याच कक्षेत येतात. ज्या नव्या गाड्यांत दिवे संगणकीय मोड्यूलमार्फत चालतात, त्यांत कोणतीही तार कापू नये. मोड्यूल गेला तर खर्च दिव्यांच्या कितीतरी पट होतो आणि वॉरंटीही नाकारली जाते.

हार्नेस बसवून झाल्यावर दिवे अर्धा तास चालू ठेवून बॅटरी, फ्यूज होल्डर, रिले आणि कपलर यांना हात लावून पाहावा. कोमट लागले तर ठीक. बोट ठेववत नसेल तर तो जोड पुन्हा करावा. होल्डरवरचे व्होल्टेज परत मोजावे, ते आता बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून अधिक कमी नसावे. मग सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करावी, टायरमधली हवा बरोबर असावी आणि चालकाच्या जागी कोणीतरी बसलेले असावे. डिपरची आडवी कडा बल्बच्या मध्याच्या उंचीपेक्षा सुमारे १० सेंमी खाली पडली पाहिजे आणि डाव्या अंगाला ती वर चढलेली दिसली पाहिजे. हेडलाईटच्या मागच्या स्क्रूने हे जमवता येते. मागे माणसे आणि डिकीत सामान भरून प्रवास असेल तेव्हा गाडीचे नाक वर उचलले जाते. डॅशबोर्डवर दिव्यांची उंची कमी करण्याचे चाक असेल तर ते त्या वेळी शून्यावरून एक किंवा दोन या आकड्यावर न्यावे, म्हणजे उजेड खाली येतो.